चित्रपट पाहिल्यानंतर

चित्रपटगृहांतील दिवे लागले कीं चित्रपट संपला, असें मानण्याची रीत आहे. वस्तुतः त्या वेळीं त्याचा एक भाग संपलेला असतो व दुसरा सुरू व्हावयाचा असतो. दाराबाहेर पडतां पडतांच कोणी तरी "कसा वाटला?" म्हणून विचारतो, आणि घरीं पोंचेपर्यंत त्या प्रश्नाचें उत्तर चाललेलें असतें. एकाला नायकाचें काम आवडलेलें असतें, दुसऱ्याला शेवट पटलेला नसतो, तिसरा नुसता मान हलवितो. ही रस्त्यावरची चर्चा फार हलकी समजली जाते. पुस्तकांवर बोलणारास वाचक म्हणून मान मिळतो. चित्रपटांवर बोलणारास शौकीन म्हणून सोडून देतात. परंतु ज्या कलेचा परिचय लहानथोरांस, शिकलेल्यांस व न शिकलेल्यांस सारखाच आहे, तिच्याविषयींचें मत कसें बनतें, तें एकमेकांस कसें सांगावें आणि सांगितल्यानें काय साधतें, याचा विचार करणें अगत्याचें आहे. हा विचार मुंबई-पुण्याकडे पाहून करण्यापेक्षां भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याकडे पाहून केल्यास अधिक उपयोगी पडेल.

भंडारा हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील जिल्हा. वैनगंगेच्या कांठचा, धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके त्यांत राहिले. चित्रनिर्मितीचें मोठें केंद्र येथें नाहीं. चित्रपटांचीं परीक्षणें येथें वाचावयास मिळतात, तीं बहुधा दूरच्या शहरांत बसून लिहिलेलीं असतात. तेव्हां येथील प्रेक्षकाच्या मताला वजन तें काय, अशी शंका कोणी घेईल. ती शंका घेणारास झाडीपट्टीची ओळख नाहीं, एवढेंच म्हणावें लागेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान हातीं येऊं लागलें, कीं येथील गांवोगांवीं मंडई भरते. लेकीबाळी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, दिवसा बाजार होतो आणि रात्रीं दंडार, खडी गंमत किंवा नाटक असतें. नाटकाचा पडदा रात्रीं उशिरां उघडतो आणि पुष्कळदां पहांटेसच पडतो. हिवाळ्याची कडाक्याची थंडी, अंगावर घोंगडी, आणि पुढें बसलेला शेंकडों माणसांचा समुदाय. अशा स्थितींत सारी रात्र जागून नाटक पाहणारा प्रेक्षक कांहीं उगाच बसलेला नसतो. कोणतें पात्र ठसलें, कोणतें गाणें पडलें, विनोद कोठें ओढूनताणून आणला, याचा निवाडा दुसऱ्या दिवशीं बांधावर व चहाच्या टपरीवर होतो. नाटक ठरविणारीं मंडळें गांवांतलींच असतात. त्यामुळें हा निवाडा वाऱ्यावर जात नाहीं. पुढील हंगामांत कोणत्या कंपनीस बोलवावयाचें, हें ठरवितांना तो उपयोगी पडतो. ज्यास रसिकांचें मत म्हणतात, तें येथें अनेक पिढ्यांपासून आहे, आणि त्या मताचा परिणामही होतो.

चित्रपटाची गोष्ट येथेंच निराळी होते. रंगभूमीवरील नटाला समोरच्या टाळीचा व कंटाळ्याचा अंदाज त्याच क्षणीं येतो. उद्यांच्या प्रयोगांत तो सुधारणा करूं शकतो. पडद्यावरील नट मात्र आपलें काम केव्हांच पुरें करून गेलेला असतो. तुमसरच्या प्रेक्षकानें उसासा टाकला काय किंवा जांभई दिली काय, चित्रपटांतील एकही दृश्य त्यामुळें बदलत नाहीं. निर्मात्याकडे पोंचतो तो केवळ तिकिटांचा आंकडा. आणि हा आंकडा मोठा विचित्र साक्षीदार आहे. किती माणसें आंत गेलीं, हें तो सांगतो. बाहेर येतांना तीं काय घेऊन आलीं, हें तो सांगत नाहीं. म्हणून चित्रपटाविषयींचें मत वर, निर्मात्याकडे जाण्याऐवजीं आडवें, शेजाऱ्याकडे जातें. चित्रपटरसिकांची आपसांतील चर्चा हीच त्या मताची खरी जागा होय.

ही जागा तयार होण्यास बराच काळ लागला. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं, तेव्हां लोकांस बोलावयाचें होतें तें नवलाविषयीं. चित्र हलतें, हेंच पुरेसें होतें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हां नवलाला परिचित कथेची जोड मिळाली. १९३१ सालीं 'आलम आरा' बोलूं लागला व पुढच्याच वर्षीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलला. नवल ओसरलें म्हणजे निवड सुरू होते, आणि निवड सुरू झाली म्हणजे मतभेद आलाच. खरी चर्चा जन्मास येते ती अशी.

प्रभातचे दोन बोलपट या दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत. विष्णुपंत दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ सालीं निघाला, मुंबईस एका चित्रपटगृहांत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. त्याच्यापुढें हात जोडून बसणारा भाविक आणि त्याच्या रचनेचें कौतुक करणारा परदेशी जाणकार, या दोघांनीं एकच चित्र पाहिलें काय? भाविकानें विष्णुपंत पागनीसांमध्यें तुकोबा पाहिले. जाणकारानें कदाचित् जिजाईकडे अधिक पाहिलें असेल. कारण पोराच्या आजारानें संतापून थेट विठोबासमोर भांडावयास उभी राहणारी ती गृहिणी चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते. दोघांचेंही पाहणें खरें होतें. मात्र दोघे एकमेकांशीं बोलले असते, तर प्रत्येकाच्या पदरांत दुसऱ्याचा चित्रपटही पडला असता. चर्चेचा पहिला लाभ तो हाच.

दुसरा बोलपट म्हणजे १९३७ चा 'कुंकू'. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो घेतला. म्हाताऱ्या वराशीं फसवून लग्न लावलेली नीरा तें लग्न मानण्यास नकार देते, हा त्याचा विषय. अशा चित्रपटावर घरोघर जें बोलणें होतें, तें बहुधा विषयावर होतें: जरठविवाह वाईट कीं नाहीं, मुलीनें असें वागावें कीं नाहीं. तें बोलणें आवश्यक आहे. पण तें व्याख्यान ऐकूनही होऊं शकतें. चित्रपटाविषयींचें बोलणें त्यापुढें सुरू होतें. या चित्रांत पार्श्वसंगीताचा आधार न घेतां घरांतील साधे आवाजच कां ठेवले? म्हाताऱ्या काकासाहेबांच्या भिंतीवरील घड्याळाकडे दिग्दर्शक पुन्हां पुन्हां कां नेतो? शांता आपटे यांची नीरा गप्प असतांना अधिक बोलते कीं बोलतांना? हे प्रश्न विचारले म्हणजे विषय आणि त्याची मांडणी यांतील भेद ध्यानांत येतो. विषय उदात्त म्हणून चित्रपट उत्तम ठरत नाहीं, आणि विषय लहान म्हणून तो क्षुद्रही ठरत नाहीं.

केवळ चित्रपट पाहून त्यांवर बोलण्यासाठीं संस्था काढण्याची कल्पना युरोपांत रुजली. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ सालची. आपल्या देशांत कलकत्त्यास १९४७ सालीं सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदि तरुणांनीं अशीच मंडळी जमविली. १९५२ सालीं मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव भरला व पुढें तो इतर मोठ्या शहरांतही गेला. त्यांत दाखविलेल्या इटलीच्या 'बायसिकल थीव्ह्ज'नें कित्येकांस दाखवून दिलें कीं, चोरीस गेलेल्या एका सायकलीवरही चित्रपट उभा राहूं शकतो. १९५५ सालीं सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' लोकांपुढें आला. आठ वर्षांपूर्वीं ज्यांनीं आपसांत चित्रपटांवर वाद घातला, त्यांच्यांतूनच चित्रपटाची नवी भाषा घडविणारा निघाला, ही गोष्ट चर्चेला रिकामपणाचा उद्योग म्हणणारांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९५९ सालीं अशा मंडळांचा महासंघ स्थापन झाला व राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

महाराष्ट्रांत या चळवळीला पुण्यानें पाया दिला. प्रभातच्याच आवारांत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली. १९६४ सालीं जुने चित्रपट जपून ठेवण्यासाठीं राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें. तेथें प्रा. सतीश बहादुर यांनीं चित्रपटाचा आस्वाद कसा घ्यावा, हा अभ्यासाचा विषय करून दाखविला. त्यांचें सारें सांगणें एका वाक्यांत आणावयाचें तर असें म्हणतां येईल, कीं आवडलें हें उत्तर नव्हे. काय पाहिलें व काय ऐकलें, हें आधीं सांगा. मुंबईस १९६८ सालीं प्रभात चित्र मंडळ निघालें आणि मराठी रसिकांस जगांतील चित्रपट पाहण्याची व त्यांवर वाद घालण्याची एक नित्याची जागा लाभली.

आतां असा वाद फलदायी कसा व्हावा? पहिली पायरी स्मरणाची. दोन माणसांनीं एकाच रात्रीं पाहिलेलें एकच दृश्य दुसऱ्या दिवशीं वर्णन करावयास घ्यावें. दोन वर्णनें जुळत नाहींत असा अनुभव येतो. एकाला चेहरा आठवतो, दुसऱ्याला आवाज, तिसऱ्याला मुळांत नसलेलेंच कांहीं तरी आठवतें. म्हणून मत देण्यापूर्वीं जें दिसलें तें सांगावें. दुसरी पायरी कारणाची. "कंटाळवाणा" हा शब्द उच्चारणें सोपें. पण कोठें कंटाळा आला, हें सांगूं लागतांच बोलणारा स्वतःच पुष्कळ शिकतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) घ्यावा. उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला, तरी पुष्कळांस तो संथ वाटतो. वृद्ध शाहिरावर चाललेल्या खटल्याची ती कथा. शाहिराचें काम नागपूरचे वीरा साथीदार यांनीं केलें होतें, जे २०२१ सालीं कालवश झाले. या चित्रांत कॅमेरा बहुधा एका जागीं, दूर, निश्चल उभा असतो. तक्रार करणारा म्हणतो, कांहीं घडतच नाहीं. त्यास शेजाऱ्यानें विचारावें, न्यायालयांत तारखेमागून तारीख पडतांना बाकावर बसलेल्या माणसास काय वाटत असेल? प्रेक्षकाला आलेला कंटाळा हा त्या माणसाच्या वाट्यास आलेल्या काळाचाच अंश नसेल काय? यावर पहिल्याचें मत बदलेलच असें नाहीं. "कळलें, पण तरी रुचलें नाहीं," असें तो म्हणूं शकेल, आणि तें मत आतां मानाचें होईल. कारण तें कारणासह आलेलें आहे.

तिसरी पायरी स्वतःच्या अनुभवाची, आणि येथें भंडाऱ्याच्या प्रेक्षकाजवळ असें धन आहे, जें महानगरांतील परीक्षकाजवळ नसतें. २०२१ सालीं अमित मसुरकर यांचा 'शेरनी' हा हिंदी चित्रपट आला. नरभक्षक ठरलेली वाघीण, वनखातें, शिकारी, पुढारी आणि गांवकरी यांची ती गोष्ट. तिचें चित्रण मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्याच्या रानांत झालें, आणि तो जिल्हा भंडाऱ्याच्या उत्तरेस लागूनच आहे. कोका अभयारण्य हें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग. पवनीकडील रान उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत मोडतें, जेथून 'जय' नांवाचा प्रसिद्ध वाघ २०१६ सालीं दिसेनासा झाला. मोहाच्या दिवसांत पहांटे रानांत जाणाऱ्या बाईच्या पोटांत जो गोळा उठतो, तो या भागांतील प्रेक्षकास कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. मुंबईच्या प्रेक्षकाची करुणा प्रथम वाघिणीकडे धांवते. कोक्याजवळच्या गांवकऱ्याची करुणा दुभंगलेली असते. ही दुभंगलेली करुणा त्यानें बोलून दाखविली, तर त्या चित्रपटाविषयींची चर्चा कितीतरी सखोल होईल.

मात्र अनुभवाच्याही मर्यादा आहेत. "आमच्याकडे असें होत नाहीं" हें वाक्य खरें असलें तरी त्यानें चित्रपटाचा निकाल लागत नाहीं. पुढचा प्रश्न असा, कीं ही तफावत अज्ञानानें आली आहे कीं हेतूनें? कलावंतास वस्तुस्थिति बदलण्याची मुभा आहे. परंतु न पाहतां, न विचारतां चुकीचें दाखविण्याची नाहीं. झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायावरच बेतलेला तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' २०२२ सालीं आला. अशा चित्रपटापुढें येथील प्रेक्षक एकाच वेळीं रसिकही असतो आणि साक्षीदारही. आपलें गांव पडद्यावर आलें या आनंदांत सर्व कांहीं गोड मानणें, किंवा बारीकसारीक चुका काढून सर्वच नाकारणें, हे दोन्ही मोह त्यास आवरावे लागतात. पितळी भांडें घेतांना भंडाऱ्याचा माणूस तें घरच्या जिल्ह्याचें म्हणून वाजविल्यावांचून घेत नाहीं; चित्रपटासही तोच न्याय असावा.

याच्याशीं लागूनच बोलीचा प्रश्न आहे. झाडीबोली ही या भागाची भाषा. मोठ्या पडद्यावर ती क्वचितच ऐकूं येते. जो माणूस आपल्या बोलींत भरभरून बोलतो, तो चित्रपटाविषयीं मत मागितलें कीं वर्तमानपत्रांतले चार उसने शब्द काढतो: "दमदार अभिनय", "वेगवान कथानक". हे शब्द कोणत्याही चित्रपटास लागतात, म्हणूनच ते कोणत्याही चित्रपटाविषयीं कांहीं सांगत नाहींत. मंडईंतील नाटकाबद्दल जो नेमकेपणानें बोलतो, त्यानें त्याच शब्दांत चित्रपटाबद्दल बोलावें. उसन्या भाषेंतील मतही उसनेंच होत जातें.

चर्चेच्या कांहीं मर्यादा शिष्टाचाराच्याही आहेत. ज्यानें चित्रपट पाहिला नाहीं, त्याच्यासमोर शेवट सांगूं नये. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्यें (२००४) आजोबा आपल्या नातवाला शस्त्रक्रियेकरितां शहरांत आणतात, आणि त्या शस्त्रक्रियेनें मुलाची दृष्टि जाणार असते, इतकें सांगणें पुरे. पुढील एका दिवसांत काय होतें, तें ज्याचें त्यानें पाहावें. नटावरील भक्तीस मत समजूं नये आणि दुसऱ्याच्या आवडीस त्याची लायकी समजूं नये. घरांत तर आणखी एक काळजी घ्यावी. वडील माणसानें आधीं निकाल दिला, कीं सुना-मुलें तोच निकाल पुन्हां म्हणतात किंवा गप्प बसतात. म्हणून घरांतील सर्वांत लहानानें प्रथम बोलावें. मुलें बहुधा कथा सांगत नाहींत, दृश्यें सांगतात; आणि चित्रपट दृश्यांचाच बनलेला असतो.

हें सर्व आज सांगावें लागतें, याचें कारण पाहण्याची पद्धतिच पालटली आहे. एकपडदा चित्रपटगृहें ठिकठिकाणीं बंद पडलीं. एकाच घरांतील चार माणसें चार मोबाइलवर चार चित्रपट निरनिराळ्या वेळीं पाहतात. चित्रपट पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक पाहिले जातात, परंतु बाहेर पडतांना "कसा वाटला?" असें विचारणारा शेजारी उरला नाहीं, कारण बाहेर पडावयाचें दारच उरलें नाहीं. यांतील हानि केवळ गप्पांची नव्हे. एकट्यानें बनविलेलें मत कधीं तपासलें जात नाहीं, आणि न तपासलेली आवड हळूहळू जाहिरातदाराच्या स्वाधीन होते.

यावर उपाय खर्चाचा नाहीं. दहा-बारा माणसांनीं महिन्यांतून एक चित्रपट ठरवावा, तो आपापल्या घरीं पाहावा आणि ठरल्या दिवशीं वाचनालयांत किंवा कोणाच्या ओसरीवर जमावें. एकत्र पाहावयाचा झाल्यास हक्कधारकाची परवानगी काढावी. एक महिना मराठी, एक हिंदी, एक परक्या भाषेचा, एक जुना, असा क्रम ठेवावा. प्रत्येकानें एक दृश्य वर्णावें, एक प्रश्न विचारावा व मग मत द्यावें. निष्कर्षावर एकमत होण्याची गरज नाहीं. किंबहुना ज्या बैठकींत सर्वांचें एकमत झालें, त्या बैठकीसाठीं चित्रपट चुकीचा निवडला, असें समजण्यास हरकत नाहीं.

ज्या मुलुखांत थंडीच्या रात्रीं जागून नाटक पाहण्याची आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा चोख हिशेब मांडण्याची संवय आहे, त्या मुलुखास ही गोष्ट नव्यानें शिकावयाची नाहीं. जी कसोटी तो मांडवांतील नाटकाला लावतो, तीच पडद्याला लावावयाची आहे. चित्रपट करणारे दूर असतील, त्यांच्या कानांवर हें बोलणें पडेल न पडेल. परंतु बोलणारांची दृष्टि त्यानें घडते, आणि घडलेल्या दृष्टीचा प्रेक्षक पुढच्या खेळाला तिकीट काढतांना निराळें तिकीट काढतो. निर्मात्यास ऐकूं येणारा आवाज तिकिटाचाच असेल, तर तो विचारपूर्वक काढणें हेंच रसिकाचें खरें उत्तर होय.